मुद्दाम केलेल्या चुका

आमच्या वाचनालयाच्या लोखंडी कपाटात एक फाईल आहे आणि तिच्यात एक कागद आहे. त्या कागदावर एका माणसाने, त्याने न केलेल्या चुकांबद्दल माफी मागितली आहे आणि खाली वळणदार अक्षरात सही केली आहे. त्या चुका माझ्या होत्या. मी त्या मुद्दाम केल्या होत्या, भर दुपारी, चहा पीत आणि मजेत. तो कागद अजून फाईलमध्येच आहे आणि त्याची आठवण झाली की माझं डोकं अजून फिरतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नाशिक रोडच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. सकाळी आठ ते बारा, संध्याकाळी चार ते आठ अशी आमची वेळ. सभासद म्हणजे आजूबाजूच्या कॉलन्यांतले लोक, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी करणारे, त्यांच्या बायका, सुना. ही सगळी मंडळी मला ओळखतात, पण पुस्तक मागतात भाऊंकडे. भाऊ म्हणजे आमचे सहायक. घोटीच्या पलीकडच्या एका गावातून रोज एसटीने येतात. चोवीस वर्षांपूर्वी शिपाई म्हणून लागले, झाडता झाडता पुस्तकांच्या जागा पाठ झाल्या आणि कधीतरी कोणीतरी त्यांना देवघेवीच्या काउंटरवर बसवलं. तेव्हापासून ते तिथेच. एखाद्या काकूंनी पुस्तक पुढे केलं की ते पान उलटायच्या आत सांगतात, "काकू, हे वाचलंय तुम्ही, मागल्या गणपतीत. शेवट आवडला नव्हता तुम्हाला." काकू पुस्तक निमूटपणे परत ठेवतात.

भाऊंना एक खोड आहे. ते सगळं लिहून ठेवतात. एसटी किती वाजता आली, लाईट किती वाजता गेली, पंख्याला तेल कधी घातलं. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये त्यांची एक लांबट वही असते. मी कितीदा तरी त्यावरून त्यांची थट्टा केली आहे.

वाचनालयाचं काम संगणकावर आणायचं आमच्या कार्यकारिणीने ठरवलं तेव्हा मी एक फुकटचं सॉफ्टवेअर सुचवलं. ते कोणा एका कंपनीचं नाही. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ते तयार करतात आणि कोणीही वापरावं म्हणून खुलं ठेवतात. जुनी आवृत्ती आम्ही वर्षभर वापरत होतो. मग त्यांचं आवाहन वाचलं: नवी आवृत्ती बाहेर काढण्याआधी काही वाचनालयांनी ती वापरून पाहावी, वाटेल तशी वापरावी, मोडता आली तर मोडावी आणि कुठे मोडली ते कळवावं. मला हे मनापासून आवडलं. लहानपणापासून मला सगळे खोडकर म्हणत आले. सासरीही तेच. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे खोडी काढून मागत होतं.

कोपऱ्यात एक जुना संगणक पडून होता. त्याच्यावर मी नवी आवृत्ती घातली आणि आमच्या पुस्तकांची आणि सभासदांची एक नक्कल त्यात भरली. खरं काम शेजारच्या संगणकावर चालू होतं, त्याला धक्का नव्हता. दोन्ही संगणक एकाच टेबलावर, एकसारखे दिसणारे. गोंधळ नको म्हणून जुन्याच्या कपाळावर मी कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लाल पेनाने "चाचणी" लिहिलं.

आता माझी पहिली चूक, आणि ही मुद्दाम केलेली नाही. सॉफ्टवेअर विचारतं, काम कोण करणार? प्रत्येकाने आपल्या नावाने आत यावं, आपला पासवर्ड ठेवावा, म्हणजे कोणी काय केलं याची नोंद राहते. मी भाऊंना शिकवायचं म्हणून आधी त्यांचं नाव घातलं. स्वतःचं घालायचं होतं. पण आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात जा, एकाच्या नावाने सगळे आत जातात आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून गणपतीच्या स्टिकरखाली चिकटवलेला असतो. आमच्याकडेही तसाच चिकटवलेला होता. रोज त्या चिठ्ठीत बघून मी भाऊंच्या नावाने आत जायची. आज करू, उद्या करू म्हणत स्वतःचं नाव घालायचं राहूनच गेलं. याला आळसच म्हणायचं, दुसरा शब्द नाही.

गणपती गेल्यापासून दसऱ्यापर्यंत, रोज दुपारी वाचनालय बंद असताना, मी त्या संगणकाचा छळ केला. तीन मयत सभासदांना चाळीस पुस्तकं दिली. कधी दिलंच नव्हतं ते पुस्तक परत घेतलं. एकच पुस्तक दोघांना एका वेळी दिलं. एका आजींची जन्मतारीख पुढच्या वर्षातली टाकली. दिवाळी अंकांचं अख्खं कपाट पुसून टाकलं आणि ते परत येतं का पाहिलं. आलं. मी टाळी वाजवली. भाऊ डबा खाता खाता अवघडून बघत राहायचे.

"मॅडम, सभासदाला कळलं म्हंजे?"

"अहो, हे खोटं खोटं आहे. मुद्दाम चुका करायच्या आहेत आपल्याला."

"चुका मुद्दाम करायच्या म्हंजे लय अवघड काम हाय," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहायला लागले.

"काय लिहीत बसलात?"

"काय नाय. असंच."

आणि खरी चूक सापडली ती भाऊंनाच. मी आपली आकाशपाताळ एक करत होते आणि त्यांनी फक्त रोज काउंटरवर घडतं तेच करून पाहिलं. शेजारीण शेजारणीचं पुस्तक परत करायला येते, मागे उभ्या असलेल्या बाईला नेमकं तेच हवं असतं, पुस्तक टेबलावर टेकायच्या आत या हातातून त्या हातात जातं. भाऊंनी तसंच झटपट घेऊन झटपट दिलं. नवीन बाईच्या नावावर पुस्तक चढलं, पण जुनीच्या नावावरून उतरलं नाही. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. भाऊंना संशय आला कारण ते जुन्या सवयीने पुस्तकाचं कार्डही ट्रेमध्ये घालत होते आणि कार्ड काही वेगळंच सांगत होतं.

मी ते सविस्तर कळवलं. परदेशातून एका बाईचं उत्तर आलं. असं होतं अशी तक्रार आणखी दोन-तीन ठिकाणांहून आली होती, पण कशामुळे होतं ते कोणालाच सांगता आलं नव्हतं. तुम्ही पायरी पायरी सांगितलीत, आता दुरुस्त करता येईल, ज्यांनी शोधलं त्यांना आमचे आभार कळवा. मी ते भाऊंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग उठून हात धुतले आणि काउंटरचं टेबल पुसत राहिले.

मग खंडेनवमी आली. दरवर्षी आम्ही त्या दिवशी संगणकांची पूजा करतो. आदल्या दिवशी सगळं पुसून घेतलं. जुन्या संगणकाच्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढायला जागा हवी होती, तिथे माझी चाचणीची पट्टी. मीच ओल्या फडक्याने ती खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी दोन्ही संगणकांना सारखी स्वस्तिकं, सारख्या झेंडूच्या माळा. दसरा झाला की नवी पट्टी लावू म्हटलं. दसरा झाल्यावर मी तीन दिवस भावाकडे सटाण्याला गेले आणि पट्टी तशीच राहिली.

त्याच रविवारी कार्यकारिणीची सभा होती. आमचे कार्यवाह एका सरकारी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कागद आवडतो. शिक्का असलेला तर फारच. भाऊंबद्दल त्यांचं जुनं म्हणणं होतं की हा माणूस वाचकांशी गप्पा फार मारतो आणि आता संगणक आल्यावर काउंटरवर शिकलेलं माणूस हवं. सभेपुढे प्रगतीचा अहवाल ठेवायचा म्हणून ते सभेआधी आले, माळ घातलेल्या दोन संगणकांपैकी नको त्या समोर बसले, चिठ्ठीतला पासवर्ड टाकला आणि कोणत्या कर्मचाऱ्याने काय केलं त्याची यादी छापली. सतरा पानं निघाली. ओळीओळीला भाऊंचं नाव. मेलेल्या माणसांना पुस्तकं, पुसलेली कपाटं, पुढच्या वर्षी जन्मणाऱ्या आजी.

सोमवारी नाही, मंगळवारी मी कामावर आले. काउंटरवर कोणी नव्हतं. भाऊ मागच्या खोलीत होते, तिथे फाटकी पुस्तकं बांधायला ठेवतो आम्ही. खळ कालवत बसले होते.

"इथं काय करताय?"

"आता हेच करायचं म्हणले. काउंटर नाय."

हळूहळू बाहेर आलं. रविवारी सभेत त्यांना उभं केलं होतं. सतरा पानं पुढे टाकली. लिहून द्या म्हणाले, दिलं. यापुढे काउंटरवर बसायचं नाही असं ठरलं. इतिवृत्तात शब्द आला: अक्षम. ज्या माणसाने जगभराला न सापडलेली चूक शोधली त्याला आमच्या इतिवृत्तात अक्षम म्हटलं आहे, आणि त्यावर नऊ जणांच्या सह्या आहेत. त्या नऊ जणांतल्या एकानेही विचारलं नाही की दुपारी बंद असलेल्या वाचनालयात कोण कोणाला पुस्तकं देत होतं. नोंदींवर वेळ छापलेली होती. वाचता येणारी माणसं होती ती. वाचनालय चालवतात.

मी तडक कार्यवाहांकडे गेले. ते पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. तो संगणक चाचणीचा, नोंदी नकली, चुका माझ्या, मुद्दाम केलेल्या.

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, जाणूनबुजून चुका कोण करतं?"

"ते कामच तसं असतं. चुका करूनच बघतात."

"तुम्ही त्यांना पाठीशी घालताय. चांगली गोष्ट आहे. पण बारा सभासद कायमचे पुसलेत त्या माणसाने. बारा. तेही मुद्दाम का?"

बारा सभासद मी पुसले नव्हते. ते कोणी पुसले, मला माहीत नव्हतं. त्यामुळे मी जरा अडखळले आणि त्यांना ते बरोबर दिसलं.

"आणि परदेशातून भाऊंचे आभार मानलेत," मी म्हटलं.

"तिकडे बसून आभार मानायला काय जातं. असं करा, तुम्ही लिहून द्या. ग्रंथपाल या नात्याने वाचनालयाच्या नोंदी मी जाणूनबुजून बिघडवल्या, असं स्वच्छ लिहा. मी जिल्ह्याच्या ग्रंथालय कार्यालयाला पाठवतो. पुढे ते काय करायचं ते करतील."

ते हे शांतपणे म्हणाले. पुन्हा चष्मा लावला.

मी परत आले, कागद घेतला, अर्धं पान लिहिलं. मग फाडलं. माझ्या निवृत्तीला अडीच वर्षं होती. जिल्ह्याच्या माणसांना चाचणी म्हणजे काय ते कोण समजावणार, चौकशी लागली तर किती वर्षं चालेल, असं सगळं डोक्यात आलं. शिवाय दिवाळी अंकांची नावनोंदणी तोंडावर आली होती, फोन सारखे वाजत होते. उद्या लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. मी जगावर चिडत होते, कार्यवाहांवर, नऊ सह्यांवर, आणि मुकाट सही करून दिली म्हणून भाऊंवरसुद्धा. घरी भांडी आपटत होते. पण कागद काही लिहीत नव्हते. असे अकरा दिवस गेले. काउंटरवर मीच बसत होते. काकू पुस्तक पुढे करायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायच्या. मला काही आठवायचं नाही. मी शिक्का मारून द्यायची.

अकराव्या दिवशी शिक्क्याची शाई संपली. नवी डबी शोधायला मी भाऊंचा ड्रॉवर उघडला तर खाली ती लांबट वही. थट्टा खूप केली होती, पण मी ती कधी हातात घेतली नव्हती. उघडली.

चार रकाने पट्टीने आखलेले. तारीख. वेळ. काय केले. कोणी केले. गणपतीनंतरच्या पहिल्या दुपारपासून सगळं होतं. "तीन मयत सभासदांस चाळीस पुस्तके दिली. मॅडम." "न दिलेले पुस्तक परत घेतले. मॅडम." "दिवाळी अंकांचे कपाट पुसले, परत आणले. मॅडम." पानामागून पान, मॅडम, मॅडम, मॅडम. मधे कुठे कुठे "मी", आणि त्यातलं एकही काम चुकीचं नव्हतं. आणि दसऱ्याच्या आधीच्या एका दुपारी, मी बँकेत गेले होते तेव्हाचं: "नवीन काय आहे पाहू म्हणून बसले. बटणे दाबून पाहिली. बारा सभासद गेले. परत आणता आले नाहीत. कार्यवाह साहेब."

मी ती ओळ तीनदा वाचली. मग पुढे गेले. शेवटची नोंद सभेच्या रविवारची होती. "सर्व चुकांबद्दल लेखी माफी दिली." कोणी केले: "मी."

वही घेऊन मी मागच्या खोलीत गेले. माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होता.

"ही वही रविवारी का दाखवली नाहीत तुम्ही? यात सगळं आहे. सगळं."

"समद्या पानावर तुमचंच नाव हाय मॅडम."

"मग असू दे ना. खरंच आहे ते."

"तुम्ही नव्हत्या. तुमच्या माघारी तुमच्यावर कसं घालायचं." त्यांनी खळीचा ब्रश डब्यात ठेवला. "आन मला वाटलं, दोन दिसांत तुम्ही येणारच हाय. तुम्ही सांगाल त्यांना."

ते एवढंच बोलले. तक्रारीच्या सुरात नाही. पुन्हा ब्रश उचलला.

मी काउंटरवर परत आले आणि कोरा कागद घेतला.

दिवाळीआधीच्या सभेत मी ती वही सगळ्यांपुढे ठेवली आणि आधी स्वतःचा कागद वाचला, कार्यवाहांना हवा होता तसाच स्वच्छ, माझ्या सहीचा. मग वहीतली पानं वाचली. बारा सभासदांची ओळ मात्र मी वाचली नाही. पान उघडून वही कार्यवाहांकडे सरकवली आणि म्हटलं, ही तुम्ही वाचा. त्यांनी वाचली, मनातल्या मनात. वही मिटली. कोणीतरी चहा सांगितला. इतिवृत्तात आलं की तांत्रिक गैरसमज दूर झाल्याने सहायकांना पूर्ववत काउंटरचं काम देण्यात येत आहे. माझा कागद जिल्ह्याला गेला नाही. गेला असता तर सोबत वहीही गेली असती, हे त्यांना कळत होतं.

माफीचा कागद मी परत मागितला. "दप्तरी दाखल झालेला कागद परत देता येत नाही," कार्यवाह म्हणाले. तांत्रिक गैरसमज. कोणाचा, ते लिहिलेलं नाही. अक्षम हा शब्दही खोडलेला नाही, कारण एकदा मंजूर झालेल्या इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. फाईल उघडली की आधी अक्षम दिसतं, मग माफी. उद्या आम्ही कोणी नसताना एखादा नवा माणूस ती फाईल उघडेल आणि त्याला भाऊ असेच कळतील.

वसुबारसेच्या संध्याकाळी भाऊ काउंटरवर बसले. दिवाळी अंकांसाठी रांग होती. वही माझ्याकडेच होती. ती द्यायच्या आधी मी शेवटचं पान उघडलं. त्यांच्या माफीच्या नोंदीखाली रकाने आखलेले होते, मोकळे. मी पेन घेतलं. तारीख घातली. वेळेच्या रकान्यात लिहिलं, अकरा दिवस. काय केले: गप्प बसले. कोणी केले: मॅडम.

त्यांनी वही घेतली, उघडली, ती ओळ वाचली. माझ्या मनात होतं की ते म्हणतील, राहू द्या मॅडम, असं काय लिहिता. खोडतील तरी. मी तशी उभीच राहिले होते.

त्यांनी शाई वाळली आहे का ते बोटाने पाहिलं, वही ड्रॉवरमध्ये ठेवली आणि रांगेतल्या पहिल्या काकूंचं पुस्तक हातात घेतलं.